वसंतातलं डबकं आणि बेडकांचा संसार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंड प्रदेशात बर्फ वितळला की जंगलात, कुरणात, खड्ड्याखुड्ड्यांत पाणी साचतं आणि काही महिन्यांत आटूनही जातं. तेवढ्या मुदतीत बेडकांची एक अख्खी पिढी त्या पाण्यात जन्मते, वाढते आणि चालती होते. हे बघायला नव्याने जाणारे सगळे साधारण तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. मी स्वतः बरीच वर्षं एकाच डबक्यावर जाते. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत आणि काही अगदी त्रोटक झाली आहेत.

बेडूक तर पावसाळ्यात ओरडतात. हे वसंताचं काय?

‘डराव डराव’ म्हटलं की आपल्याला पहिला पाऊस आठवतो आणि ते बरोबरच आहे. बेडकाला दोन गोष्टी लागतात : अंडी घालायला पाणी आणि शरीर चालायला ऊब. उष्ण प्रदेशात ऊब बारा महिने असते, तिथे घोडं पाण्यापाशी अडतं. थंड प्रदेशात पाणी असतं, पण गोठलेलं. तिथे घोडं उबेपाशी अडतं. वसंताच्या सुरुवातीला बर्फाचं पाणी आणि थोडीशी ऊब एकदम हाती येतात आणि बेडूक ती वेळ साधतात. उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग तर डबक्याच्या कडेला अजून बर्फ असतानाच येऊन ओरडायला लागतो.

मग डबकंच का? चांगलं मोठं तळं का नको?

मासे. एका शब्दात उत्तर एवढंच.

बाराही महिने पाणी राहतं तिथे मासे राहतात, आणि माशांना बेडकाची अंडी आणि पिल्लं म्हणजे पर्वणी. जे पाणी दरवर्षी आटतं तिथे मासा टिकत नाही. आपण ज्याला डबक्याचा दोष समजतो तो बेडकाच्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. म्हणून कुणी ‘डबकं खोल करून घेऊ, म्हणजे पाणी टिकेल’ असं म्हणालं, की माझ्या पोटात गोळा येतो. पाणी टिकलं की मासे येतात, निदान कुणीतरी हौसेने आणून सोडतं, आणि मग तिथला आवाज एक-दोन वर्षांत बंद होतो.

डबकं खरोखर आटणारं आहे की नाही हे ओळखायची एक खूण सांगते. उत्तर अमेरिकेतल्या बुलफ्रॉगचा बेडूकमासा मोठा व्हायला अनेक ठिकाणी एक-दोन वर्षं घेतो. एप्रिलमध्येच तुमच्या डबक्यात बोटाएवढे जाडजूड बेडूकमासे दिसले, तर ते गेल्या वर्षीचे आहेत. म्हणजे हे पाणी आटत नाही. याउलट पाठीवर उलटी पोहणारी, नखाएवढी, जवळजवळ पारदर्शक फेअरी श्रिंप (कोळंबीच्या नात्यातला जीव) दिसली तर खुशाल समजा की डबकं अस्सल आहे. तिची अंडी कोरड्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाणी आलं की जागी होतात.

कधी जायचं? नक्की तारीख सांगा.

तारीख सांगता येत नाही, हवा सांगता येते. जमिनीतला बर्फ सुटलेला, दिवसभर भुरभुर पाऊस, आणि अंधार पडल्यावरही तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर. अशी वर्षातली पहिली रात्र आली की निघा.

युरोपातला कॉमन फ्रॉग ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी घालतो, नैर्ऋत्य कोपऱ्यात कधीकधी डिसेंबर-जानेवारीतच. हाच बेडूक आल्प्सच्या उंचीवर किंवा स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला मे-जूनपर्यंत थांबतो. तेव्हा दुसऱ्याच्या गावची तारीख बघून जाऊ नका.

शिवाय हे बेडूक ‘एकदम’ जातीचे. वुड फ्रॉग आणि कॉमन फ्रॉग यांचा सगळा कारभार बरेचदा आठवड्या-दीड आठवड्यात उरकतो. शनिवारची वाट बघत बसलात, तर शनिवारी अंडी दिसतील, बेडूक दिसणार नाहीत. मी एका वर्षी तीन दिवस उशिरा गेले होते. पाणी नुसतं शांत होतं, आणि कडेला पुंजकेच पुंजके.

गाडीने जावं का?

त्या पहिल्या रात्री तरी शक्यतो नको. बेडूक, भेक (खडबडीत कातडीचे बेडकाचे भाऊबंद, इंग्रजीत टोड) आणि सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे, शेपटीवाले उभयचर) रस्ते ओलांडत डबक्याकडे निघालेले असतात आणि ओल्या डांबरावर ते पानासारखे दिसतात. ब्रिटनमध्ये स्वयंसेवक बादल्या घेऊन भेकांना रस्ता पार करून देतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावात १९८७ साली ठिपकेदार सॅलॅमँडरसाठी रस्त्याखालून छोटे बोगदेच केले. जायचंच असेल तर गाडी लांब उभी करा आणि उरलेलं अंतर टॉर्च पायाशी धरून चाला.

हिवाळाभर हे असतात कुठे?

जातीवर आहे. कॉमन फ्रॉग बिळात, दगडांखाली किंवा तळ्याच्या तळाशी चिखलात पडून राहतो. वुड फ्रॉगचा प्रकार मात्र ऐकणाऱ्याला थाप वाटावी असा आहे. तो जंगलातल्या पाचोळ्याखाली, जेमतेम काही सेंटीमीटर खोल बसतो आणि चक्क गोठतो. शरीरातल्या पाण्यापैकी साधारण दोन तृतीयांश पाण्याचा बर्फ होतो. श्वास थांबतो, हृदय थांबतं. हातात घेतला तर दगडासारखा टणक लागतो.

मरत कसा नाही? कातडीला बर्फ लागला की त्याचं यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर करून रक्तात सोडायला लागतं. ही साखर पेशींच्या आतलं पाणी धरून ठेवते, त्यामुळे बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत. फाटाफूट टळते. वसंतात तो वितळतो तेव्हा हृदय आधी चालू होतं, हातपाय नंतर हलतात. १९८२ साली ही गोष्ट शास्त्रीय नियतकालिकात पहिल्यांदा आली. आणि असा गोठून उठलेला प्राणी दोन-चार दिवसांत डबक्यावर येऊन लग्नाच्या गोष्टी करतो!

सोबत काय न्यायचं?

गमबूट, टॉर्च, नोंदवही, पेन्सिल (पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते). टॉर्चवर लाल कागद किंवा लाल कापड बांधा. पांढऱ्या झोतात बेडूक गप्प होतात, लाल उजेडाचा त्यांना त्रास कमी. दिवसा जाणार असाल तर पोलराइज्ड काचांचा गॉगल न्याच. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसायला लागतो. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा हा गॉगल जास्त कामाचा. एक साधं भिंगही खिशात असू द्या.

मच्छर पळवायचं मलम किंवा सनस्क्रीन हाताला लावू नका. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून घेतो. तुमच्या बोटावरचं सगळं त्याच्या अंगात जातं.

मी पोचले आणि सगळे एकदम गप्प झाले. काय चुकलं?

काही नाही. तुमच्या पावलांची थरथर त्यांना कळली. काठापासून थोडं लांब, काहीतरी घालून खाली बसा, टॉर्च बंद करा आणि हलू नका. पाच मिनिटं काहीच होत नाही. मग लांबच्या कडेला कुणीतरी एक जण अर्धवट आवाज काढतो, जणू घसा साफ करतोय. परत शांतता. मग दुसरा. आणि मग अर्ध्या मिनिटात सगळं डबकं सुरू होतं. पाठ दुखत असली तरी या दहा मिनिटांसाठी जावं असं आहे.

आवाजावरून कोण ते कळतं का?

कळतं, आणि डोळ्यांपेक्षा कानाने लवकर कळतं. ओरडतो तो नर. नाकपुड्या आणि तोंड बंद ठेवून तो फुप्फुसांतली हवा स्वरयंत्रावरून गळ्याच्या पिशवीत ढकलतो आणि तीच हवा परत वापरतो. म्हणून तो न थकता तासन्‌तास चालू राहतो. वुड फ्रॉगचा आवाज बदकांच्या भांडणासारखा असतो. नवखी मंडळी तर बदकंच शोधत बसतात. कॉमन फ्रॉगची गुरगुर हलकी आणि खर्जातली, लांबवर मोटरसायकल चालू ठेवल्यासारखी. स्प्रिंग पीपर हा अडीच सेंटीमीटरचा, पाठीवर फुलीची खूण असलेला जीव, पण त्याची शीळ इतकी तीक्ष्ण की शंभर जण जमले तर कान झाकावेसे वाटतात. अमेरिकन भेक एकच लांब, कंप पावणारा सूर धरतो.

संख्या मोजायचा प्रयत्न करू नका, पातळी लिहा. बेडूक मोजणाऱ्यांमध्ये एक सोपी पद्धत आहे : आवाज नाही तर ०. एकेक आवाज सुटा मोजता येतो तर १. आवाज एकमेकांवर चढतात, पण वेगळे ओळखू येतात तर २. सगळा एकच गलका असेल तर ३. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बसायचं, ३ ते ५ मिनिटं ऐकायचं आणि आकडा टाकायचा. वर्षागणिक हे आकडे बोलायला लागतात.

एक बेडूक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसलाय. भांडण आहे का? सोडवू का?

सोडवू नका, तो नर आहे. मादी त्याच्यापेक्षा मोठी असते. तो तिला काखेतून मिठी मारतो आणि ती अंडी घालेपर्यंत, कधी काही तास तर कधी काही दिवस, सोडत नाही. त्याच्या अंगठ्याला या दिवसांत काळसर खडबडीत गाद्या येतात. पकड घसरू नये म्हणून. मादी अंडी सोडते त्याच क्षणी नर त्यांवर शुक्राणू सोडतो. फलन शरीराबाहेर, पाण्यात होतं.

गर्दीत नर कुणालाही धरतात : दुसऱ्या नराला, काटकीला, क्वचित बुटाच्या टोकालाही. धरलेला नर असेल तर तो एक तुटक, चिडका आवाज काढतो. त्याचा अर्थ ‘सोड’. कान दिलात तर गलक्यातही हा आवाज वेगळा ऐकू येतो.

मादी निमूट असते हा समज मात्र जुना झाला. बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातल्या अभ्यासकांनी २०२३ साली कॉमन फ्रॉगच्या माद्यांबद्दल लिहिलं. नको असलेल्या नराच्या मिठीत त्या अंग गोल फिरवतात, नराच्या ‘सोड’सारखाच आवाज काढतात, आणि काही जणी तर हातपाय ताणून मेल्याचं सोंग घेतात. तेव्हा ताठ पडलेली बेडकी दिसली तर लगेच हळहळू नका, थोडं थांबा.

एक इशारा : एका मादीवर चार-पाच नर लोंबकळले तर ती बुडून मरू शकते. हे बघवत नाही, पण मी हात घालत नाही. जोड्या सोडवायला गेलं की आपण पाण्यात उतरतो आणि पायाखाली किती अंडी जातात ते कळतही नाही.

ही अंडी बेडकाचीच कशावरून?

तीन प्रकार लक्षात ठेवले की भागतं. बेडकाचा पुंजका, भेकाची माळ, सॅलॅमँडरचा गोळा.

कॉमन फ्रॉगच्या एका पुंजक्यात हजार ते दोन हजार अंडी असतात, वुड फ्रॉगच्या पुंजक्यात हजाराच्या आसपास. प्रत्येक अंडं म्हणजे पारदर्शक गोळीत बसवलेली काळी बाहुली. पुंजक्याचा पृष्ठभाग उंचसखल, प्रत्येक गोळी सुटी जाणवणारी. भेकाची अंडी लांबलचक दोऱ्यात ओवलेली असतात आणि तो दोरा पाणवनस्पतींना गुंडाळलेला असतो. ठिपकेदार सॅलॅमँडरच्या गोळ्यावर बाहेरून आणखी एक घट्ट, गुळगुळीत आवरण असतं, सगळी अंडी एका पिशवीत घातल्यासारखी. माझी पहिली दोन वर्षं हा फरक न कळल्यामुळे वाया गेली. ‘बेडूक’ म्हणून नोंदवलेले अर्धे गोळे सॅलॅमँडरचे निघाले. स्प्रिंग पीपर अंडी सुटी-सुटी काडीकाडीला चिकटवतो, ती सापडली तर स्वतःची पाठ थोपटा.

ताजा पुंजका लहान आणि घट्ट असतो आणि बुडतो. काही तासांत त्याचं जेली पाणी पिऊन फुगतं आणि तो अनेक पटींनी मोठा दिसायला लागतो. म्हणून ‘काल मुठीएवढा होता, आज दुसरंच काहीतरी आहे’ असं वाटलं तर ते तेच आहे. बेडकांच्या बाबतीत एक पुंजका म्हणजे एक मादी असा हिशोब धरतात, त्यामुळे पुंजके मोजणं हा माद्या मोजायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

काळी बाजू नेहमी वरच का असते?

अंडं वरून काळं आणि खालून फिकट असतं. खालच्या अर्ध्या भागात जड बलक असतो. फलन झालं की अंडं आवरणाच्या आत मोकळं होतं आणि वळून काळी बाजू वर येते. पुंजका हळूच उलटा केलात तर थोड्या वेळाने सगळ्या बाहुल्या परत वर बघायला लागतात. (मुलांना हे एकदा दाखवा, दहादा नको.) काळा रंग ऊन शोषतो आणि अतिनील किरणांपासून वाचवतो, असं मानतात.

काही अंडी पांढरी झाली, पुंजका हिरवा पडला, वर रात्री पाणीही गोठलं. सगळं संपलं का?

नाही. पांढरी, धुरकट अंडी मेलेली आहेत. एकतर फलन झालं नाही, किंवा थंडी लागली. त्यांवर कापसासारखी बुरशी येते. शेजारची काळी अंडी अजून नीट असू शकतात. गोठलेल्या रात्री वरचा थर बळी जातो आणि खालचे वाचतात. वुड फ्रॉगच्या माद्या एकमेकींच्या पुंजक्यांना लागून पुंजके घालतात आणि अशा ढिगाचा मधला भाग भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार राहतो.

हिरवेपणा शैवालाचा असतो. ठिपकेदार सॅलॅमँडरच्या अंड्यात तर एक शैवाल हक्काने राहतं. ते प्राणवायू देतं, भ्रूणाचा टाकाऊ माल खातं. २०११ साली संशोधकांनी दाखवलं की ते भ्रूणाच्या पेशींच्या आतसुद्धा शिरतं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात असं आधी कुणी पाहिलं नव्हतं.

अंड्यातून बाहेर यायला किती दिवस?

पाणी किती गार त्यावर. थंड पाण्यात तीन-चार आठवडे, ऊन मिळालं तर दोन. बघायला मात्र रोज काहीतरी असतं. पहिल्या काही तासांत भिंगाखाली काळ्या गोळ्यावर एक खाच दिसते : एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार. पुढे ते इतकं बारीक होतं की परत गुळगुळीत दिसतं. मग गोळा लांबट होतो, स्वल्पविरामासारखा वाकतो आणि एक दिवस आतल्या आत चुळबुळ करतो.

बाहेर आल्यावर तो लगेच पोहत नाही. तोंडाखाली एक चिकट ग्रंथी असते, तिने तो रिकाम्या जेलीला किंवा पानाला लटकतो. तोंड अजून उघडलेलं नसतं, पोटातला बलक पुरवून खातो. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे बारीक कल्ले लोंबतात. हे कल्ले दिसायची संधी जेमतेम काही दिवसांची. मग त्यांवर कातडीची घडी चढते आणि पाणी बाहेर टाकायला डाव्या बाजूला एकच भोक उरतं. त्या आठवड्यात भिंग विसरू नका.

बेडूकमासे खातात काय?

सुरुवातीला शैवाल, दगडा-पानांवरचा बुळबुळीत थर, कुजकं पान. शिंगासारखी कडक चोच आणि बारीक दातांच्या रांगा, त्यांनी ते खरवडत असतात. पोटाखालून पाहिलं तर घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं आतडं दिसतं. मेलेला भाऊबंदही त्यांना वर्ज्य नाही.

पाय कधी येतात? आणि शेपूट गळून पडते ना?

शेपूट गळत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक तळाशी पडलेल्या शेपट्या शोधतात.

क्रम असा. आधी मागचे पाय, शेपटीच्या मुळाशी दोन टिंबांसारखे. टिंबाची काडी होते, काडीला गुडघा, मग बोटं. पुढचे पायही एव्हाना तयार होत असतात, पण कल्ल्यांवरच्या कातडीखाली झाकलेले. नीट पाहिलं तर कोपराचा उंचवटा दिसतो. एके दिवशी ते बाहेर फुटतात, आणि बहुतेक वेळा डावा आधी, कारण त्या बाजूला ते भोक आयतं असतं.

इथून पुढचा आठवडा धांदलीचा. चोच गळते, तोंड रुंद होत डोळ्यांच्या मागे जातं, लांब आतडं आखूड होतं, कारण शाकाहार सोडून आता किडे खायचे आहेत. या दिवसांत तो काही खात नाही. शेपटीच्या पेशी शिस्तीत मरतात आणि तिचा माल शरीरात वापरला जातो. शेपूट म्हणजे त्याची शिदोरी. अभ्यासकांनी या सगळ्या प्रवासाचे ४६ टप्पे पाडलेत. गॉस्नरची ही १९६० सालची यादी आजही वापरात आहे.

हे सगळं चालवतो तो थायरॉइड ग्रंथीचा स्राव. १९१२ साली गुडरनाच यांनी बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खायला घातली तर ते वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले. पुढे १९१६ मध्ये ॲलन यांनी ती ग्रंथी काढून टाकली तर बेडूकमासे वाढत राहिले, पण बेडूक काही झाले नाहीत. कॉमन फ्रॉगला अंडं ते पिल्लू असा प्रवास करायला साधारण तीन-साडेतीन महिने लागतात, आणि बाहेर पडणारं पिल्लू असतं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं.

हजारो होते, आता शे-दोनशेच दिसतात. काय झालं?

खाल्ले गेले. पाणभुंग्याची अळी, चतुराची अळी, न्यूट (सॅलॅमँडरचाच एक प्रकार), जळवा, पक्षी. मासे नाहीत म्हणजे शत्रू नाहीत असं नव्हे. चतुराच्या अळीने बेडूकमासा पकडताना मी पाहिलंय. ती पानाखाली मिनिटंच्या मिनिटं स्थिर, मग तिचा खालचा जबडा हातासारखा पुढे झेपावतो आणि परत मिटतो. सगळं डोळ्याची पापणी लवण्याआधी. काही जातींचे बेडूकमासे अशा अळ्या पाण्यात असल्या की कमी हलतात आणि त्यांच्या शेपटीचे पडदे रुंद होतात. भेकाचे काळेकुट्ट बेडूकमासे चवीला वाईट, म्हणून उघड्यावर थव्याने फिरतात.

हजार अंड्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मोठे झाले तरी डबक्याचा हिशोब जमतो.

डबकं आटत चाललंय! बेडूकमासे उचलून तळ्यात सोडू का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं उत्तर नाही.

एक, तळ्यात मासे आहेत. दोन, पाण्याबरोबर रोगही जातात, त्याबद्दल खाली लिहिलंय. तीन, बेडूकमासे स्वतः हातपाय हलवतात. पाणी कमी आणि गरम व्हायला लागलं की अनेक जातींत वाढीचा वेग वाढतो. ते लहान आकाराचे, पण वेळेत बाहेर पडतात. वाळवंटातल्या स्पेडफूट भेकाचे बेडूकमासे तर आठवड्या-दीड आठवड्यात पाय काढून मोकळे होतात. आणि चौथं म्हणजे, काही वर्षी सगळी पिढी वाळून जातेच. बेडूक अनेक वर्षं जगतात, एका वर्षाचा तोटा पुढच्या ओल्या वर्षी भरून निघतो.

हे लिहायला सोपं आहे हे मला माहीत आहे. एका मे महिन्यात माझ्या डबक्यात ताटाएवढं पाणी उरलं होतं आणि त्यात वळवळणारा काळा चिखल. मी बादली घेऊन गेले होते. अर्धा तास काठावर उभी राहिले आणि रिकामी बादली घेऊन परत आले. त्या रात्री पाऊस आला असं लिहायला आवडलं असतं. पाऊस आला तो पाच दिवसांनी.

थोडे घरी आणून वाढवले तर?

आधी तुमच्याकडचा कायदा बघा. अनेक ठिकाणी काही जाती उचलायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार कॉमन फ्रॉग विकायला बंदी आहे.

माझा पहिला प्रयोग असा फसला : बरणीत तीस बेडूकमासे, नळाचं पाणी, वर भरपूर खाणं. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि सकाळपर्यंत निम्म्याहून जास्त उलटे तरंगत होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, गर्दी आणि कुजलेलं अन्न, तिन्ही मीच दिलेलं. कायदा परवानगी देत असेल तर पाच-सहाच घ्या, पसरट भांडं घ्या, पाणी त्याच डबक्याचं किंवा पावसाचं. उकडलेल्या पालेभाजीचा नखाएवढा तुकडा पुरतो. ऊन थेट नको. पुढचे पाय फुटले की उतरता दगड ठेवा, नाहीतर ते बुडून मरतात, कारण आता ते फुप्फुसाने श्वास घेतात. आणि जिथून आणले तिथेच सोडा.

हात लावला तर चामखीळ येते का?

नाही. चामखीळ माणसाच्या विषाणूमुळे येते. भेकाच्या कातडीतला स्राव मात्र डोळ्यांत गेला तर आग होते. हात धुवा. हात लावायचाच झाला तर त्याआधीही, नुसत्या पाण्याने.

बूट धुवायचा एवढा आग्रह कशासाठी?

कायट्रिड नावाच्या बुरशीसाठी. ती बेडकाच्या कातडीत वाढते, आणि कातडी हेच त्याचं पाणी आणि क्षार सांभाळायचं साधन. १९९९ मध्ये या बुरशीचं शास्त्रीय वर्णन झालं. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार तिच्यामुळे ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० बहुधा कायमच्या गेल्या. रानाव्हायरस हा दुसरा शत्रू. दोघेही ओल्या चिखलातून, जाळीतून, बादलीतून प्रवास करतात. म्हणून एका डबक्यावरून दुसऱ्यावर जाताना चिखल घासून काढा आणि बूट पूर्ण वाळवा. कोरडेपणा कायट्रिडला सोसत नाही. मी एका दिवसात एकच डबकं बघते, प्रश्नच मिटतो.

नोंदी काय ठेवायच्या?

तारीख, हवेचं आणि पाण्याचं तापमान, आवाजाची पातळी, पुंजक्यांची संख्या, पहिला बेडूकमासा, पहिला पाय, पहिलं बाहेर पडलेलं पिल्लू, आणि पाण्याची खोली. खोलीसाठी एका काठीवर दर ५ सेंटीमीटरला रंगाची खूण करा आणि ती मधोमध रोवा. फोटो नेहमी एकाच जागेवरून काढा. सुंदर वर्णनं लिहायची गरज नाही. ‘काही दिसलं नाही’ हीसुद्धा नोंद आहे, ती गाळू नका.

जूनमध्ये गेले तर डबक्यात काहीच नव्हतं. पिल्लं गेली कुठे?

फार लांब नाही. पावसाची सर येऊन गेली की बाहेर पडतात, म्हणून बरेचदा एका सकाळी सगळी गेलेली असतात. काठापासून काही पावलांवर, ओल्या पाचोळ्यात, ओंडक्याच्या सावलीच्या बाजूला बघा. पाऊल टाकायच्या आधी बघा, कारण ती वाटाण्याएवढी असतात आणि तुमच्या बुटासमोर उडी मारायची त्यांना घाई नसते. वुड फ्रॉगची पिल्लं दोन-तीन वर्षांनी वयात येतात आणि बहुतेक जण याच डबक्यावर परत येतात.

पाणी गेलेल्या तळाशीही बघायला असतं : कॅडिस माशीच्या अळ्यांनी काड्यांचे तुकडे जोडून केलेल्या नळ्या, वाळलेल्या शैवालाचा कागदासारखा पापुद्रा, भेगांमध्ये बारीक शिंपले. मी त्या भेगांवरून चालत जाऊन काठी सरळ करते आणि तिथेच ठेवून येते. खालची खूण कोरडी असते.